रास्पबेरी पाय खणात जाऊ नये म्हणून

रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डावरचा आख्खा संगणक: क्रेडिट कार्डाएवढा हिरवा बोर्ड, त्यावर यूएसबी, एचडीएमआय, नेटवर्कच्या वायरीची खाच आणि कडेला पिनांची दुहेरी रांग. खोक्यातून काढल्यावर पहिल्या संध्याकाळी तो चालू होतो, डेस्कटॉप दिसतो, घरातल्या दोघातिघांना दाखवून होतं. दुसऱ्या आठवड्यात तो अडखळायला लागतो, तिसऱ्या आठवड्यात उठतच नाही, आणि महिन्याभरात जुन्या चार्जरांच्या शेजारी खणात जाऊन पडतो. माझा पहिला पाय असाच खणात गेला होता. (या नावावर कोट्या करायला मराठीत भरपूर वाव आहे. त्या सगळ्या माझ्या करून झाल्या आहेत, म्हणून पुढे टाळतो.)

वर्षभराने तो बाहेर काढला तेव्हा कळलं, की बोर्डात काहीच बिघाड नव्हता. बिघाड होता चार्जरमध्ये आणि मेमरी कार्डात. नंतर ओळखीच्यांचे जे ‘गेलेले’ बोर्ड हाताळले त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट हीच निघाली. म्हणून या लेखात प्रोग्रामिंग कमी आहे आणि वीज, कार्ड, वायर असल्या कंटाळवाण्या गोष्टीच जास्त आहेत.

आधी काम, मग बोर्ड

पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीसारखं प्रोग्रामिंग येत नाही, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. मोडला तरी कोणी ओरडणार नाही असा स्वस्त संगणक मुलांच्या हातात द्यावा, ही मूळ कल्पना. ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावंही १९८०च्या दशकातल्या बीबीसी मायक्रो या शाळकरी संगणकावरून घेतली. मुलांपर्यंत तो पोचला, पण त्याच्यावर आधी झडप घातली ती आमच्यासारख्या हौशी लोकांनी.

आणि हौशी लोकांची पहिली चूक म्हणजे सगळ्यात ताकदवान बोर्ड आधी घ्यायचा आणि काम नंतर शोधायचं. उलटं करा. रोज उपयोगी पडेल असं एक लहान काम कागदावर लिहा: खोलीचं तापमान नोंदवणं, घरातल्या सगळ्या संगणकांसाठी एक सामायिक फाइल-साठा, सगळ्या उपकरणांवरच्या जाहिराती अडवणं, जुन्या टीव्हीवर चित्रपट लावणं. त्यावरून बोर्ड ठरतो.

सेन्सर, कॅमेरा, लहानसहान नोंदी यांना झिरो २ डब्ल्यू हे लहान मॉडेल पुरतं. त्याला ५१२ एमबी मेमरी आहे, त्यामुळे त्यावर ब्राउझर उघडायची हौस करू नका. फाइल-साठा किंवा जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलसाठी पाय ४ची २ जीबीची आवृत्ती पुष्कळ झाली. रोजचा डेस्कटॉप म्हणून वापरायचा असेल तरच पाय ५कडे बघा. नुसता दिवा लुकलुकवायचा असेल, किंवा एखादा सेन्सर वाचून मोटर फिरवायची असेल, तर यांपैकी काहीच नको. २०२१ साली आलेला पिको घ्या. तो संगणक नाही, मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे एकच ठरलेला प्रोग्राम चालवणारी चिप. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालत नाही. पण वीज दिली की क्षणात कामाला लागतो आणि वायर उपटली तरी फाइल-सिस्टीम बिघडायची भीती फारशी नसते.

ऑरेंज पाय, बनाना पाय, ओड्रॉइड असे भाऊबंदही बरेच आहेत, आणि कागदावर त्यांतले काही जास्त वेगवान दिसतात. दुसरा बोर्ड म्हणून जरूर घ्या. पहिल्यासाठी माझं मत ठाम आहे: ज्या बोर्डावर तुमच्याआधी असंख्य लोक अडखळले आहेत तोच घ्यावा, कारण तुम्हाला जी चूक दिसणार आहे तिचं उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं.

वीज

इथे जरा थांबू, कारण निम्मी दुखणी इथलीच.

बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. व्होल्टेज साधारण ४.६३च्या खाली उतरलं की सिस्टीम तक्रार करते. डेस्कटॉप उघडा असेल तर कोपऱ्यात विजेची लहानशी खूण दिसते किंवा इशारा येतो. स्क्रीन जोडलेली नसेल तर काहीच दिसत नाही आणि बोर्ड चुपचाप मंदावतो, यूएसबीवरची डिस्क मधूनच गायब होते, कार्डावर अर्धवट लिहिलं जातं. आपण दोष देतो सॉफ्टवेअरला.

पाय ३ला मायक्रो-यूएसबीतून २.५ अँपिअर, पाय ४ला यूएसबी-सीमधून ३ अँपिअर आणि पाय ५ला ५ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे. आता फोनचा किंवा लॅपटॉपचा चार्जर. ‘माझा तर ६५ वॅटचा आहे, पायला किती लागणार?’ हा प्रश्न मीही विचारला होता. असे चार्जर वॅट वाढवतात ते व्होल्टेज चढवून: ९, १५, २० व्होल्ट. पाय मागतो फक्त ५ व्होल्ट, आणि ५ व्होल्टवर तोच ६५ वॅटचा चार्जर बहुधा ३ अँपिअरच देतो. पाय ५ त्यावर चालू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या जोडण्यांना मिळून ६०० मिलिअँपिअरच वाटून देतो. कीबोर्ड-माउसला ते पुरतं, बाहेरच्या हार्ड डिस्कला नाही.

चार्जर चांगला असला तरी वायर घात करते. लांब आणि बारीक वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम धरला आणि २ अँपिअर प्रवाह धरला, तर वायरीतच ०.४ व्होल्ट खर्च होतात. चार्जर ५ व्होल्ट देतो, बोर्डापर्यंत ४.६ पोचतात. पाय ४चा अधिकृत पुरवठा ५ऐवजी ५.१ व्होल्ट देतो तो याचसाठी. वायर आखूड आणि जाड घ्या. शक्यतो पुरवठ्यालाच कायमची जोडलेली असेल असा पुरवठा घ्या.

संशय असेल तर अंदाज नको, बोर्डालाच विचारा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ जोडून चालवा. (‘गेट’ आणि ‘थ्रॉटल्ड’ यांच्या मधल्या जागेऐवजी अधोरेषा, स्पेलिंग कोणत्याही मदतपानावर मिळेल.) उत्तरात नुसता शून्य आला तर वीज ठीक आहे. ५०००० आलं तर या क्षणी ठीक आहे, पण चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेग कमी करावा लागला होता. ५०००५ म्हणजे आत्ताही पडलेलंच आहे. माझ्या खणातल्या बोर्डाने हाच आकडा दिला होता.

अर्थात कधीकधी चूक खरंच बोर्डाची असते. पाय ४च्या सुरुवातीच्या तुकडीत यूएसबी-सीच्या मांडणीत एक रोधक (रेझिस्टर) वाचवला गेला होता, त्यामुळे काही महागड्या लॅपटॉप-वायरी त्याला हेडफोनसारखी जोडणी समजून वीजच देत नसत. साधी वायर मात्र चाले. आणि २०१५च्या पाय २चा फोटो झेनॉन फ्लॅशने काढला की तो बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. विजेचं नियमन करणारी एक उघडी चिप प्रखर प्रकाशाला दचकत होती. कौतुकाने फोटो काढावा आणि बोर्डाने मान टाकावी, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

कार्ड

दुसरं दुखणं. पायची सगळी सिस्टीम सहसा मायक्रोएसडी कार्डावर असते, आणि ही कार्डं मुळात कॅमेऱ्यासाठी घडवलेली आहेत: मोठी फाइल एकदा लिहायची, पुढे वाचायची. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र दिवसभर बारीकबारीक लिहीत असते. म्हणून कार्डावर ‘ए१’ ही खूण बघा. तिचा अर्थ सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० विखुरलेली लेखनं. मोठ्या अक्षरांत छापलेला मेगाबाइटचा वेग इथे फारसा कामाचा नाही. ३२ जीबी सुरुवातीला भरपूर होतात.

नकली कार्डं सर्रास असतात. वरती ६४ लिहिलेलं, आत ८. आठ जीबीपर्यंत सगळं सुरळीत आणि पुढचं लिहिलेलं हवेत. नवं कार्ड आलं की ते पूर्ण भरून पुन्हा वाचणारा एखादा तपासणी प्रोग्राम चालवा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री. तासभर जातो, जाऊ द्या.

आणि वायर उपटू नका. फ्लॅश मेमरीत चार अक्षरं बदलायची असली तरी एक आख्खा मोठा ठोकळा पुसून नव्याने लिहिला जातो. त्या मधल्या क्षणी वीज गेली, तर तुमच्या चार अक्षरांबरोबर त्या ठोकळ्यात राहणारे शेजारीही जातात. मेनूतून बंद करा किंवा टर्मिनलमध्ये ‘सुडो पॉवरऑफ’ द्या, हिरव्या दिव्याची लुकलुक थांबू द्या, मग वीज काढा.

पहिली उभारणी, स्क्रीनशिवाय

कीबोर्ड, माउस, स्क्रीन जोडून सुरुवात करता येतेच. पण बोर्ड शेवटी कपाटावर किंवा राउटरच्या मागे राहणार असेल, तर पहिल्या दिवसापासून दुसऱ्या संगणकावरूनच बोलायची सवय लावलेली बरी.

१. दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हा अधिकृत प्रोग्राम उतरवून घ्या आणि कार्ड रीडरमध्ये घाला.

२. बोर्डाचं मॉडेल निवडा, मग रास्पबेरी पाय ओएस. डेस्कटॉप नको असेल तर ‘लाइट’ आवृत्ती.

३. सेटिंगच्या पानावर घाई करू नका. बोर्डाचं नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, देश, वेळेचा पट्टा, आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) चालू. देश चुकला तर वाय-फायच्या काही वाहिन्या बोर्डाला दिसतच नाहीत.

४. कार्ड लिहून झाल्यावर इमेजर ते पुन्हा वाचून पडताळतो. ही पायरी गाळू नका. खराब कार्ड इथेच सापडतं.

५. आधी कार्ड बोर्डात, मग वीज. पहिल्यांदा तो स्वतःची जागा वाढवतो आणि एकदा परत चालू होतो. पाच मिनिटं हात लावू नका.

६. दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनलमध्ये एसएसएच लिहा, मग वापरकर्ता, ‘अ‍ॅट’चं चिन्ह, बोर्डाचं नाव आणि शेवटी ‘डॉट लोकल’. पासवर्ड विचारला की तुम्ही आत पोचलात.

सहाव्या पायरीला बोर्ड सापडत नसेल तर आधी राउटरकडे बघा. पाय ३ बी, झिरो डब्ल्यू आणि झिरो २ डब्ल्यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळतं. मी एक आख्खी दुपार पासवर्ड परत परत टाइप करण्यात घालवली होती. राउटरवर त्या नावाचं जाळं फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू होतं. बोर्डाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हतं.

जुन्या मार्गदर्शक लेखांबद्दलही इथेच सांगतो. त्यांत दिलेलं ‘पाय’ हे वापरकर्तानाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड एप्रिल २०२२पासून येत नाही. कार्डावर वाय-फायची एक फाइल टाकून देण्याची युक्ती रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरपासून, चालत नाही. चालू होतानाच्या (बूट) सेटिंगची फाइल त्याच वेळी एक पायरी खोल, ‘फर्मवेअर’ नावाच्या फोल्डरात गेली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं पॅकेज थेट ‘पिप’ या आज्ञेने घालायला गेलात तर सिस्टीम नकार देते, आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांसाठी वेगळा कप्पा, बनवायचं. तेव्हा कुठलीही कृती वाचताना तिची तारीख आधी बघा. अडलं तर तुमचं चुकलं असेलच असं नाही.

उठतच नाही तेव्हा

क्रम पाळला तर हे काम दहा मिनिटांचं आहे. बोर्डाला जोडलेलं सगळं काढा: डिस्क, सेन्सर, पंखा. नुसतं कार्ड आणि वीज ठेवा. पाय ४ किंवा ५ला स्क्रीन जोडत असाल तर विजेच्या खाचेशेजारचं एचडीएमआय वापरा, ते पहिलं आहे. मग दिवा बघा. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबतो आणि परत तसंच करतो, म्हणजे सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडत नाही. सात वेळा, म्हणजे कर्नल (सिस्टीमचा गाभा) सापडत नाही. दोन्हींचा इलाज एकच: कार्ड नव्याने लिहा. तरी नाही तर दुसरं कार्ड, मग दुसरा पुरवठा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चालू झाल्यावर कशाने झाला ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

पिनांशी खेळ

चाळीस पिना बघून हात शिवशिवतात. फक्त दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांच्या बाजूलाच ५ व्होल्टच्या दोन पिना आहेत, आणि ते ५ व्होल्ट चुकून शेजारच्या जीपीआयओ (संकेत देण्या-घेण्याच्या) पिनेला लागले तर ती पिन जाते, कधी आख्खा बोर्ड जातो. म्हणून वायरी जोडताना वीज बंद. दोन, पिनांना दोन वेगळे क्रमांक असतात: जागेचा आणि जीपीआयओचा. जीपीआयओ १७ ही रांगेतली अकरावी पिन आहे. टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ लिहिलं की तुमच्याच बोर्डाचा नकाशा उमटतो. पहिली पिन ओळखायची तर बोर्ड उलटा करा, तिचा डागकामाचा ठिपका चौकोनी असतो.

पहिला प्रयोग नेहमीचाच. जीपीआयओ १७पासून ३३० ओहमचा रोधक, तिथून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय नवव्या पिनेला म्हणजे ग्राउंडला (शून्य व्होल्ट). प्रवाह होतो साधारण ४ मिलिअँपिअर. दिव्याला पुरतो आणि पिनेला जड जात नाही. पायथनमध्ये ‘जीपीआयओ झिरो’ लायब्ररी वापरा. जुन्या उदाहरणांतली ‘आरपीआय डॉट जीपीआयओ’ पाय ५वर चालत नाही, कारण तिथे पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या आहेत.

दुसरा प्रयोग तापमानाचा, आणि तो खरा उपयोगी. डीएस१८बी२० हा तीन पायांचा सेन्सर ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि जीपीआयओ ४ला जोडा, डेटाची वायर आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोधक टाका, सेटिंगमध्ये ‘वन-वायर’ चालू करून बोर्ड पुन्हा सुरू करा. सेन्सर ‘२८’ने सुरू होणाऱ्या नावाचं एक फोल्डर होऊन समोर येतो आणि त्यातली फाइल वाचली की अंशाच्या हजाराव्या भागात आकडा मिळतो: २७४३७ म्हणजे २७.४३७ अंश सेल्सिअस. शेवटच्या आकड्यांवर भाळू नका, सेन्सरची अचूकता अर्ध्या अंशाची आहे. माझ्या नोंदीत रात्री तीन वाजता खोलीचं तापमान ८५ अंश झालेलं होतं. आग वगैरे नव्हती. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत या सेन्सरच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. वायर ढिली होती, तो मधेमधे नव्याने जागा होत होता. ८५ दिसला की नोंद टाकून द्यायची आणि वायर घट्ट करायची.

मोटर किंवा रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) गुंडाळी थेट पिनेला कधीही लावू नका. मध्ये ड्रायव्हर (जास्त प्रवाह पेलणारी चिप), वीज स्वतंत्र, ग्राउंड मात्र दोन्हींचं एक. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरचं उत्तर ५ व्होल्टचं येतं, ते १ आणि २ किलोओहमच्या जोडीने विभागून ३.३वर आणायचं.

चोवीस तास चालवायचा तर

८० अंशांना चिप वेग कमी करायला लागते, ८५ला जास्तच. पाय ५ला पंखा हवाच, पाय ४ला निदान धातूची पन्हळी पट्टी. झिरोला सहसा काही लागत नाही. बंद डब्यात कोंबू नका.

पाय ५च्या आधीच्या बोर्डांत घड्याळच नाही. वेळ इंटरनेटवरून येते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसलं, तर बोर्ड शेवटची आठवणारी वेळ धरून पुढे चालतो आणि तुमच्या नोंदी काही तास मागे लिहिल्या जातात. नेट नसलेल्या जागी ठेवणार असाल तर घड्याळाचं लहान मोड्यूल जोडा. पाय ५मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

तुमचा प्रोग्राम सिस्टीमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या भागाची) सेवा म्हणून बसवा, पडला तर आपोआप उठेल असा. दर मिनिटाची नोंद दर मिनिटाला कार्डावर नको. मेमरीत जमवा आणि तासाने एकदा लिहा. घराबाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर एसएसएचचं दार उघडं टाकू नका, बाहेरचे लोक तासाभरात कडी वाजवायला लागतात. आणि पाय-होल बसवलात तर घरच्यांना आधी कल्पना द्या. बोर्ड बंद पडला की सगळ्या घराचं ‘इंटरनेट गेलं’ असं होतं, आणि त्या वेळी तुम्ही नेमके प्रवासात असता.

सगळं मनासारखं चालायला लागलं की त्याच दिवशी कार्डाची प्रत काढा. डेस्कटॉपवर त्यासाठी ‘एसडी कार्ड कॉपियर’ आहे. लाइट आवृत्ती असेल तर कार्ड दुसऱ्या संगणकात घालून त्याची इमेज बनवा आणि ती दुसऱ्या कार्डावर लिहा. प्रत चिकटपट्टीने बोर्डाच्या डब्यालाच आतून चिकटवा, आणि तिच्यावर बोर्डाचं नाव, वापरकर्ता आणि तारीख लिहा. माझ्याकडच्या एका कार्डावर नुसतं ‘चालतं’ एवढंच लिहिलेलं आहे. काय चालतं आणि कुठल्या बोर्डावर, ते शोधायला तीन बोर्ड आणि एक रविवार लागला.